शंभर प्रतींबद्दल

चि. ओंकार,


तुझ्या टेक्नोच्या रेकॉर्डच्या शंभरच प्रती काढायच्या, त्या संपल्या की पुन्हा छापायच्या नाहीत आणि नेटवर काहीच ठेवायचं नाही, असं तू ठरवलंयस. शंभराला माझी ना नाही. साच्याचा खर्च प्रती कमी काढल्या तरी तेवढाच, त्यामुळे एकेक रेकॉर्ड महाग पडेल, हे तू धरलं असशीलच. माझा जीव अडकलाय तो 'काहीच ठेवायचं नाही' यात.

तू ड्रेक्सिया या टेक्नो जोडीचा दाखला देतोस. डेट्रॉइटच्या जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांनी चेहरे मागे ठेवले, हे खरं. पण गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गर्भवती आफ्रिकी स्त्रियांची मुलं पाण्याखाली जगली, ही त्यांची कल्पित कथा १९९७च्या 'द क्वेस्ट' या त्यांच्या संग्रहासोबत छापलेली होती. ती लोकांपर्यंत पोचावी म्हणूनच ना? २००२मध्ये स्टिन्सन गेला, जुन्या रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या. पुढे रॉटरडॅमच्या क्लोन या लेबलनं त्या पुन्हा काढल्या, म्हणून तुझ्या पिढीला त्या सहज ऐकता आल्या.

आणि आपल्या मुंबईचे चरणजित सिंग आठव. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा हा माणूस. १९८२ साली टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्याच ३०३मधून शिकागोच्या पोरांनी ॲसिड हाऊस काढलं, ते त्यानंतर. सिंगांची रेकॉर्ड फारशी खपली नाही, विसरली गेली. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. २०१५मध्ये ते वारले. मधली २८ वर्षं त्या संगीतावर नाचू शकणारी किती माणसं त्याला मुकली! ती दुर्मीळता त्यांनी मागितली नव्हती. तू आपण होऊन मागतोयस, याचं मला वाईट वाटतं. उद्या तुझी प्रत कुणी दसपट भावानं विकली, तर ते पैसे विकणाऱ्याचे. तुला त्यातून एक श्रोताही मिळणार नाही.

शंभर काढ, नाव हवं तर लपव. पण तेच संगीत नेटवर, बँडकॅम्पवर राहू दे. मास्टर फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, एक संच माझ्याकडे पाठव. आणि तो झांजांचा तिखट ट्रॅक बाजूच्या शेवटी नको. आतल्या वळणांवर आवाज फाटतो. तो पहिला घे.

तुझा,
मामा