आधी कोण कोणाची वाट बघतंय, ते शोधा

प्रश्न : इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. २०१९ मध्ये त्याला कॉम्प्युटर जोडून घेतला होता. आता नवे गेम त्यावर नीट चालत नाहीत, अशी त्याची रोजची तक्रार. ग्राफिक्स कार्ड बदला, असं तो म्हणतो. त्याचा मित्र म्हणतो, रॅम वाढवा. दुकानदार म्हणतो, ‘काका, संच जुना झाला, पूर्णच बदलून टाका.’ माझ्याकडे यासाठी ३० हजार रुपये आहेत. तिघांपैकी खरं कोण बोलतंय? आणि एकदा पैसे घातले की हे थांबेल, की दर वर्षी माझ्या मागे लागेल?

(मुलाने लिहून दिलेली यादी : रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, १०८०पी ६० हर्ट्‌झ मॉनिटर.)

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही यंत्रमागवाले आहात, त्यामुळे निम्मं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. कापड कमी निघालं की तुम्ही थेट नवे माग विकत घेत नाही. आधी कारखान्यात चक्कर मारता. सायझिंगकडून आलेले बीम दारात पडून आहेत आणि माग सावकाश चाललेत, तर खोट मागात. माग रिकामे उभे आणि बीमचा पत्ता नाही, तर मागांवर लाख रुपये घातले तरी कापड वाढणार नाही.

गेममध्ये हेच चालतं. प्रोसेसर सूत पुरवतो : कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कुठे वळली, हा हिशोब त्याचा. कार्ड त्यावरून चित्र विणतं. १०८०पी मॉनिटरवर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला अशी ६० चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात दोघांपैकी एकाचं काम झालं नाही, तर दुसरा हात बांधून बसतो. म्हणून पैसे काढण्याआधी कोण कोणाची वाट बघतंय ते शोधायचं. त्याला खर्च शून्य.

चिरंजीवांना द्यायचा गृहपाठ

जो गेम त्रास देतो तो वीस मिनिटं चालवायचा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि परफॉर्मन्सच्या पानावरचे आकडे कागदावर उतरवायचे. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर माग सावकाश आहे. तो ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर सूत पोचत नाही. प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर मात्र विसंबू नका. २६०० मध्ये एका वेळी १२ कामं चालतात. त्यांतलं एकच पूर्ण भरलं तरी गेम तिथे अडतो, आणि एकूण आकडा दिसतो चाळीसच्या आसपास.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणायचं. ठिपके निम्म्याहून कमी होतात. वेग झपकन वाढला तर अडचण कार्डाची, जागचा हलला नाही तर प्रोसेसरची.

आणि ‘नीट चालत नाही’ म्हणजे नेमकं काय, हेही त्याला विचारा. गेम सतत संथ चालतो, की चांगला चालता चालता मधेच अर्धा सेकंद गोठतो? गोठत असेल तेव्हा मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसेल. तो आजार रॅमचा. म्हणजे मित्रही खोटं बोलत नाही आणि मुलगाही नाही. दोघं दोन वेगळ्या दुखण्यांबद्दल बोलत असावेत.

जाता जाता कॅबिनेट उघडून धूळ काढा. तुमच्या गावात सुताचा कापूस हवेत तरंगत असतो, तो पंख्याच्या पात्यांवर बसतो. पंखा कोंडला की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. कधी कधी तक्रार इथेच संपते.

यादी बघून माझा अंदाज

जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चं कार्ड, मेमरी ४ जीबी. आपल्या काळात त्याने इमानाने सेवा केली. पण रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करणारं, हार्डवेअर त्यात नाही, आणि ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा ‘डूम : द डार्क एजेस’ सारखे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. २०२५ च्या अखेरीस एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणंही थांबवलं. तेव्हा मोठ्या गेममध्ये आकडे कार्डाकडेच बोट दाखवतील. तो फक्त व्हॅलोरंटसारखे गेम खेळत असेल तर गोष्ट वेगळी. त्यात प्रोसेसरचं काम जास्त असतं.

रॅमचं म्हणाल तर ८ जीबी आज अपुरी आहे. शिवाय पट्टी एकच असल्याने मेमरीचा रस्ता अर्धाच उघडा आहे. तशीच दुसरी पट्टी लावली की रस्ता दुपदरी होतो. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी वापरायची. एक अडचण आहे : २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडलेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. म्हणून मित्राने ३२ जीबी सुचवली तरी १६ वर थांबा. डीडीआर४ ची वापरलेली पट्टी घ्यायलाही हरकत नाही. तिच्यात झिजण्यासारखं काही नसतं, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं की खरं-खोटं कळतं.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की गेम आणि विंडोज पटकन उघडतील. सेकंदाला चित्रं मात्र त्याने वाढणार नाहीत.

ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही

आता तिघांच्याही तोंडून सुटलेली गोष्ट : कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या संचाला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटचा पत्रा काढा, आत टॉर्च मारा आणि त्या डब्याच्या कुशीवरचं लेबल वाचा. वर ठळक अक्षरांत ‘४५० वॉट’ लिहिलेलं असेल. ते सोडा. खालच्या बारीक तक्त्यात ‘+१२ व्होल्ट’चा रकाना शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच रकान्यावर जगतात. तिथे समजा १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. ४५० चं झालं १९२! कापडाच्या ताग्यावर ४५ मीटरचा शिक्का आणि आत १९ मीटर, असा हा मामला.

इतकी वर्षं हे उघडकीला आलं नाही, कारण १०५० टीआय जास्तीत जास्त ७५ वॉट खातं, तेही मदरबोर्डच्या खाचेतूनच. नवं कार्ड १३० ते १७० वॉट मागेल आणि एसएमपीएसकडून वेगळी वायर घेईल. मग गेम ऐन रंगात असताना कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद पडेल, आणि शिव्या खाईल नवं कार्ड. त्यामुळे नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा ५०० ते ५५० वॉटचा एसएमपीएस आधी, कार्ड नंतर. हा डबा पुढच्या दोन कॉम्प्युटरनाही चालेल.

कार्ड घेताना

तुमच्या संचाला रेडिऑन आरएक्स ६६०० शोभतं : ८ जीबी मेमरी, वीज १३२ वॉट. ते मिळालं नाही तर आरएक्स ७६००, किंवा एनव्हिडियाकडचं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. तिन्हींवर रे ट्रेसिंग आहे.

सारख्या नावांना भुलू नका. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीतही येतं आणि ८ जीबीतही, आणि ८ जीबीवाल्याचा मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. ३०५० हे ८ जीबीचं वेगळं आणि ६ जीबीचं वेगळं. बिलावर नावाबरोबर मेमरीचा आकडा लिहूनच घ्या.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त म्हणून कुणी गळ्यात मारेल. ते मदरबोर्डशी फक्त चार पदरांनी बोलतं. नव्या मदरबोर्डवर तेवढे चार पदर कसेबसे पुरतात. तुमचा बी४५० आधीच्या पिढीचा, तिथे त्या प्रत्येक पदराचा वेग निम्मा. त्यात मेमरी ४ जीबीच. म्हणजे जुनं दुखणं नव्या डब्यात.

इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीमुळे मोह पाडेल. चांगलं कार्ड आहे, पण प्रोसेसरवर त्याचा भार जास्त पडतो. २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत ते आपली खरी ताकद दाखवत नाही.

वापरलेलं कार्ड घ्यायचं तर बिल आणि शिल्लक वॉरंटी बघा, आणि विक्रेत्यासमोर अर्धा तास गेम चालवून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, त्यांतली काही अजून हात बदलत फिरताहेत. कोल्हापूर असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तीन दुकानं हिंडल्याशिवाय पैसे देऊ नका. मी भाव लिहीत नाही, कारण अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ते शिळे होतील. वाटणी सांगतो : ३० हजारांतले साधारण २० कार्डाला, ५ एसएमपीएसला, उरलेले ५ रॅमला. एसएसडी त्यात बसली तर उत्तम, नाही तर जुनं कार्ड विकून येतील त्या पैशांत.

दुकानदाराचं काय?

पूर्ण संच बदलायचा म्हणजे नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड आणि महागलेली नवी डीडीआर५ रॅम. ३० हजार तिथेच संपतील आणि चित्र विणायला पुन्हा तेच जुनं कार्ड उरेल. ‘विंडोज १० बंद झालं’ असंही सांगतील. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला हे खरं. पण रायझन २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. त्यासाठी रुपयाही लागत नाही.

तुमच्या मदरबोर्डची एक पुण्याई आहे. त्याचं एएम४ सॉकेट एएमडीने वर्षानुवर्षं चालू ठेवलं. २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्याच खाचेत बसतो. वीज तेवढीच, ६५ वॉट, आणि आतली कॅश मेमरी १६ च्या जागी ३२ एमबी. पण तो आज नको. कार्ड बदलल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या आणि प्रोसेसर अडवतोय असं दिसलं तर पुढच्या वर्षी बघा.

तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अपडेट करायचं, आणि ते चालू असताना कॉम्प्युटर यूपीएसवर हवा. अर्ध्यात वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. दुसरी गोष्ट मी स्वतः भोगलीय. घाईघाईत थंड कॉम्प्युटरचा कूलर सरळ वर ओढला. आतली पेस्ट वाळून गोंदासारखी झाली होती, त्यामुळे कूलरबरोबर प्रोसेसरही खाचेतून उपटून आला. खाली केसासारख्या १३३१ पिना, त्यांतल्या चार आडव्या. लीडपेन्सिलीच्या रिकाम्या टोकात एकेक पिन धरून ती उभी करण्यात रविवारची दुपार गेली. तेव्हापासून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करतो, मग कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हळूच फिरवत सोडवतो.

दर वर्षी हेच का?

तुमचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा आहे, म्हणजे सेकंदाला ६० च्या वर चित्रं तो दाखवतच नाही. आवडते गेम ६० वर स्थिर चालले की खर्च तिथे थांबला पाहिजे. पुढे मुलगा १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर मागेल, तेव्हा ओळखा की तो नुसता मॉनिटर मागत नाहीये. त्यामागून कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही येणार आहेत.

तूर्त पाकीट काढू नका. कारखान्यात माग बंद पडला तर तुम्ही जॉबरला आधी ‘काय झालंय?’ विचारता. घरीही तेच विचारा, आणि चिरंजीवांच्या कागदावर पाच नोंदी असू द्या : कार्डाचा वापर, मेमरी, डिस्क, ७२०पीवर वाढलेला वेग आणि एसएमपीएसवरचे अँपिअर. पाचवी नोंद त्याने न सांगता आणली, तर ३० हजार बिनधास्त त्याच्या हाती द्या.