मोटर ठणठणीत होती, जोड कुचकामी होता

माझ्या इलेक्ट्रिक सायकलच्या हब मोटरमध्ये कसलाही बिघाड नव्हता, हे मी आजही ठासून सांगतो. पावसात निघालं की चढावर ती धक्के खायची, मागचं चाक जागच्या जागी थरथरायचं. ऊन पडलं की पुन्हा सुरळीत. एवढं सांगितल्यावर पाणी कुठेतरी शिरतंय हे जाणकाराला कळायला हवं. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही पाइप लावून धुतली असणार. कंट्रोलर उडालाय, नवीन टाका." ओल्या फडक्याने पुसण्यापलीकडे मी कधी काही केलं नव्हतं. तरी त्याच्या शब्दाखातर पैसे मोजले. पुढच्या सरीत पुन्हा तेच.

मग मीच चाकाजवळची काळी टेप सोडवली. आत पांढऱ्या प्लास्टिकचा साधा जोड! ना रबराची रिंग, ना झाकण. टेपमध्ये पाणी साचलेलं, आणि हॉल सेन्सरच्या पाच बारीक तारांपैकी लाल तारेच्या पिनेवर हिरवट गंज. सेन्सरना पाच व्होल्ट तिथूनच मिळतात. ते तुटक पोचले की चाक नेमकं कुठे आहे हे कंट्रोलरला समजत नाही. पिना साफ करून जुनाच कंट्रोलर लावला, चाक गुळगुळीत फिरलं. पावतीवर मात्र 'वॉटरप्रूफ कनेक्टर' छापलेलं. फोटो पाठवला तर उत्तर आलं, "सगळे असंच बसवतात." रत्नागिरीच्या पावसात आणि खाऱ्या हवेत रोज चालवणार, हे मी घेतानाच बजावलं होतं. नव्या कंट्रोलरचे पैसे त्याने आजतागायत परत केलेले नाहीत.

म्हणून पैसे देण्याआधी मोटरची वायर हातात घेऊन बघा. नऊ पिनांचा, वायरीसकट साच्यात ओतलेला गोल जोड हवा. बाजारात त्याला हिगो किंवा ज्युलेट म्हणतात. तीन जाड पिना फेजच्या, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या, पाच हॉलच्या, उरलेली बहुधा वेगाच्या किंवा तापमानाच्या सेन्सरची. जोडाच्या दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर आणून सरळ दाबा. पिळलात तर बारीक पिना वाकतात. नर-मादी एकाच बनावटीचे घ्या आणि कुठली पिन कुठे जाते ते मल्टिमीटरने तपासा, कारण तारांचे रंग जुळले म्हणजे जोडणी जुळलीच असं नाही.

जोडावरचा आयपी ६७ हा आकडा म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरणं. पण जोड शेवटपर्यंत बसलेला असेल तरच. अँपिअर बघताना बॅटरीचा आकडा धरू नका. चढावर हळू चालताना फेजच्या तारांतून बॅटरीपेक्षा बराच जास्त प्रवाह जातो. २५० वॉटला नऊ पिनांचा नेहमीचा जोड पुरतो, हजार वॉटला जाड फेज पिनांचा मोठा लागतो.

सिलिकॉन भरायचंच असेल तर आंबूस वासाचं भरू नका. त्यातलं ॲसिड तांबं खातं. वायर एक्सलमध्ये शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. तापलेली मोटर पाण्यात थंड झाली की आतली हवा आकसते आणि मोटर वायरीच्या वाटेनेही पाणी ओढते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. चांगल्या दुकानातून घ्या, पावती जपा, हे तर आहेच. शिवाय जोडाची बनावट आणि आयपी आकडा पावतीवर लिहून मागा.

गणपतीनंतर पाऊस ओसरला की बॅटरी काढून जोड उघडा. पिना हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, रबराच्या रिंगला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या आणि मगच बंद करा.