पित्ताचा त्रास की पित्ताशयाचे खडे? : शस्त्रक्रिया, विश्रांती आणि उशिराची किंमत

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व कार्यवृत्तान्ताच्या जोडीला एका आजाराविषयीचा अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. यंदा पित्ताशयातील खडे आणि त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया हा विषय आम्ही निवडला आहे. शल्यचिकित्सा विभागात ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे, आणि नित्याच्या गोष्टींविषयी सविस्तर बोलायचे राहून जाते. नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे आणि रुग्णांकडून आम्हांस मिळालेले धडे येथे एकत्र मांडत आहोत. रुग्णांची ओळख पटेल असा तपशील अर्थातच वगळला आहे.

एका शब्दाचा घोटाळा

मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार मोठा भार वाहतो. छातीत जळजळले की पित्त, आंबट ढेकर आली की पित्त, डोके दुखून उलटी झाली की पित्त, आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. वैद्यकशास्त्र ज्याला पित्त म्हणते तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पाचकरस होय. वरील तक्रारींपैकी बहुतेकींशी त्याचा संबंध नसतो. जळजळ होते ती जठरातील आम्लामुळे. नाव एकच पडल्यामुळे मात्र दोन अगदी वेगळे आजार एकाच पुडीत बांधले जातात.

पंचेचाळिशीच्या एका शेतमजूर भगिनीला दोन वर्षे असाच त्रास होता. सणावाराचे तळणाचे जेवण झाले की रात्री पोटाच्या वरच्या भागात कळ येई. ती पाठीत शिरे, दोन-तीन तास राही आणि आपोआप थांबे. घरी आमसुलाचे पाणी, मोरावळा आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या असे उपाय चालू होते. या काळात त्या आमच्याच बाह्यरुग्ण विभागात दोन वेळा येऊन गेल्या. दोन्ही वेळच्या केसपेपरवर ‘आम्लपित्त’ अशी नोंद असून गोळ्या लिहून दिल्या आहेत. सोनोग्राफी सुचविलेली नाही. त्यांनी ‘पित्ताचा त्रास’ म्हटले आणि आम्हीही तेच लिहिले.

तिसऱ्या वेळी त्यांना मध्यरात्री आणले गेले, तेव्हा कळ थांबतच नव्हती. पित्ताशयातील मोहरीएवढा खडा मुख्य पित्तनलिकेत घसरला होता आणि त्यामुळे स्वादुपिंडाला तीव्र सूज आली होती. त्यांना तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले, त्यातले नऊ दिवस अतिदक्षता विभागात. सूज पूर्ण ओसरण्यासाठी थांबून पुढे दीड महिन्याने पित्ताशय काढले. आज त्यांची प्रकृती उत्तम आहे. पण जे काम दोन दिवसांत आटोपले असते त्यासाठी त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन यावे लागले, हे आम्ही विसरू इच्छित नाही.

खडे होतात कसे?

यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृताच्या खाली चिकटलेली, लहान पेरूच्या आकाराची पिशवी म्हणजे पित्ताशय. त्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. येथे पित्त साठते आणि त्यातील पाणी शोषले जाऊन ते घट्ट होते. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की पिशवी आकुंचन पावते आणि पित्त नलिकेवाटे आतड्यात उतरते.

पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण फार वाढले किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की साखरेच्या पाकात खडीसाखर धरावी तसे कण धरू लागतात. स्त्रियांमध्ये, गरोदरपणात, स्थूल व्यक्तींमध्ये आणि झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. दुसरा प्रकार रंगद्रव्याच्या काळ्या खड्यांचा. ज्यांच्या तांबड्या रक्तपेशी सतत फुटतात अशा रुग्णांना ते होतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल आजार आढळतो. तेथे शाळकरी वयाच्या मुलांतही पित्तखडे दिसतात. म्हणून ‘हा जाड माणसांचा आजार’ ही समजूत खरी नव्हे.

कुळथाचे पाणी घेऊन खडा पडेल का, असा प्रश्न हमखास येतो. येथे मूतखडा आणि पित्तखडा यांची गल्लत होते. भरपूर पाणी प्याल्याने लहान मूतखडा लघवीवाटे पडू शकतो, कारण पाण्याची वाट मूत्रपिंडातूनच जाते. पित्ताशय त्या वाटेवर नाही. तेल व लिंबाचा रस पिऊन ‘खडे पाडण्याचा’ उपायही ऐकिवात येतो. त्यानंतर शौचातून दिसणाऱ्या हिरव्या मऊ गोळ्या प्यालेल्या तेलाच्याच बनलेल्या असतात आणि पित्ताशयातले खडे जागच्या जागी राहतात. शिवाय, खडा ‘पडणे’ हेच येथे धोक्याचे. मोठा खडा पिशवीतच अडकून राहतो. लहान खडा नलिकेत उतरून कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज घडवतो. ‘खडे अगदी बारीक आहेत’ हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारे नाही.

शस्त्रक्रिया कोणास, कोणास नाही?

दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले, पण कधी कळ आली नाही, अशा व्यक्तींपैकी बहुसंख्यांना आयुष्यभर त्रास होत नाही. त्यांना सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. आमच्याकडे आलेल्या एक सत्तरीच्या आजी शस्त्रक्रियेचा हट्ट धरून बसल्या होत्या, कारण शेजारणीची झाली होती. त्यांना समजावून घरी पाठविणे हाही उपचारच होता. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत साठलेले चुन्याचे थर किंवा एक सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल, तर मात्र कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन वेगळा विचार करावा लागतो.

एकदा कळा सुरू झाल्या की त्या पुन्हा येण्याचा संभव मोठा असतो. कळ थांबली म्हणजे आजार गेला असे नव्हे. अशा वेळी सवडीने दिवस ठरवून शस्त्रक्रिया करणे सर्वांत सुरक्षित. थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटदुखी ही तिन्ही एकत्र दिसली तर नलिकेत अडकलेल्या पित्ताला जंतुसंसर्ग झाल्याचे ते लक्षण आहे. त्यात एक दिवसही दवडू नये. मुख्य नलिकेतील खडा बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून, ई.आर.सी.पी. पद्धतीने काढतात आणि मग पित्ताशय काढतात.

पूर्वीच्या काळी केवळ खडे काढून पिशवी तशीच ठेवीत. खडे पुन्हा होत. दोष खडे धरणाऱ्या पिशवीतच आहे हे ओळखून कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये प्रथमच पूर्ण पित्ताशय काढले. पुढची शंभर वर्षे त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया केली. भारतात १९९० साली मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ती प्रथम यशस्वी केली. निदानासाठी दुर्बिणीचा वापर ते १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात करीत होते. हे तंत्र श्रीमंत देशांपुरते नाही हे त्यांनी सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णांवरच दाखवून दिले. धर्मादाय रुग्णालयांना त्यातून मिळालेले बळ लहान नाही.

‘दुर्बिणीचे सांगून पोट का फाडले?’

हा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांच्या मुलाने आम्हांस विचारला, तोही पुष्कळ संतापाने. शिक्षकांना मधुमेह होता आणि आठवडाभर अंगावर काढलेली पित्ताशयाची सूज होती. दुर्बिणीतून पाहता आतडी, चरबी व पित्ताशय एकमेकांना घट्ट चिकटलेले होते. पित्ताशयाची नळी कोणती आणि यकृताकडून येणारी मुख्य नलिका कोणती हे नि:संशय दिसत नव्हते. अशा स्थितीत दुर्बिणीचा आग्रह धरून मुख्य नलिका कापली गेली, तर रुग्णाला पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागते. शल्यचिकित्सकांनी थांबून नेहमीचा छेद घेतला. रुग्ण दोनऐवजी आठ दिवस राहिले आणि बरे होऊन गेले.

निर्णय बरोबर होता. चूक वेगळीच होती. छेद घ्यावा लागू शकतो हे संमतिपत्रात छापलेले होते, पण शस्त्रक्रियेपूर्वी कोणी ते मुलाला बसवून सांगितले नव्हते. सही घेणे म्हणजे समजावून देणे नव्हे. आता आमचे शल्यचिकित्सक आदल्या दिवशी रुग्ण व एक नातेवाईक यांच्याशी मराठीत बोलतात आणि दोन्ही शक्यता सांगतात. दुर्बीण सोडून छेद घेणे हे अपयश नसून सावधगिरी आहे, हे आधी ऐकलेले कुटुंब शस्त्रक्रियागृहाबाहेर वेगळ्या मनाने बसते.

बरे होण्याचे दिवस

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. पोटावर सहसा चार लहान छिद्रे असतात. आत जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने श्वासपटल चाळवले गेल्यामुळे पुढचे एक-दोन दिवस उजवा खांदा दुखतो. ‘पोटाचे ऑपरेशन आणि खांदा का दुखतो?’ म्हणून नातेवाईक घाबरतात. हे दुखणे चालण्याने व साध्या वेदनाशामकाने जाते.

बहुतेक रुग्ण त्याच संध्याकाळी आधार घेऊन चालतात, पाणी व पातळ पदार्थ घेतात आणि एक-दोन दिवसांत घरी जातात. आठवडाभर अंथरुणात पडून राहणे हिताचे नाही, कारण त्यामुळे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बैठे काम आठ ते पंधरा दिवसांत सुरू करता येते. पाण्याच्या घागरी, पोती असे जड ओझे मात्र महिना-दीड महिना उचलू नये. मोठा छेद असल्यास याहून अधिक काळ लागतो.

‘पित्ताशयच नसेल तर अन्न पचणार कसे?’ पित्त बनवते यकृत. पिशवी केवळ साठवते. ती गेल्यावर पित्त थेंबाथेंबाने थेट आतड्यात उतरत राहते. पहिले काही दिवस मऊ भात, वरण, ताक, भाकरी असे साधे अन्न थोडे थोडे घ्यावे आणि तेलातुपाचे प्रमाण हळूहळू वाढवावे. काहींना काही आठवडे शौचास पातळ होते. बहुतेकांचे ते आपोआप थांबते. जन्मभर तूप वर्ज्य करण्याचे कारण नाही. मात्र मूळची तक्रार जळजळ व आंबट ढेकरांची असेल, तर ती या शस्त्रक्रियेने जाईलच असे नाही. हे आधीच सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, सतत उलट्या, डोळे पिवळे दिसणे किंवा जखमेतून पू अथवा पित्त येणे, यांपैकी काहीही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्वरित यावे.

आणखी एक विनंती. काढलेले खडे बाटलीत घालून नातेवाईकांना दाखविले जातात. ती बाटली सारे जपून घरी नेतात. पित्ताशयाच्या तपासणीचा अहवाल मात्र काही दिवसांनी येतो आणि तो न्यायला पुष्कळजण येत नाहीत. क्वचित एखाद्या पिशवीत न दिसलेला कर्करोग त्या अहवालातच प्रथम कळतो. बाटली विसरली तरी चालेल, अहवाल विसरू नये.

उशिराची किंमत

धर्मादाय रुग्णालयांना कायद्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्यात आपणां देणगीदारांच्या साहाय्याची भर पडते. त्या शेतमजूर भगिनीच्या देयकाचा मोठा हिस्सा याच निधीतून भागला. परंतु तीन आठवडे पती रुग्णालयात बसून राहिला, मजुरी बुडाली आणि घरची दुभती म्हैस विकावी लागली. आमच्या देयकात म्हशीची नोंद नसते. निधीतून तिची भरपाईही होत नाही. वेळेवर केलेली एक सोनोग्राफी मात्र ती वाचवू शकली असती.

म्हणून बाह्यरुग्ण विभागात आम्ही आता एक लहानसा बदल केला आहे. ‘पित्ताचा त्रास’ असे सांगणाऱ्या प्रत्येकास तीन प्रश्न विचारले जातात : कळ जेवणानंतर वा रात्री येऊन अर्ध्या तासाहून अधिक टिकते काय? ती पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते काय? आम्लाच्या गोळीने ती थांबत नाही काय? उत्तरे होकारार्थी आल्यास उपाशीपोटी सोनोग्राफी सुचविली जाते आणि पैशांची अडचण असल्यास समाजसेवा विभागाकडे चिठ्ठी दिली जाते.

हे तीन प्रश्न विचारायला डॉक्टरच हवा असे नाही. हा अहवाल आपल्या हाती आहे. आपल्या घरी, शेतावर वा कामाच्या ठिकाणी कोणी वरचेवर पित्ताच्या गोळ्या घेत असेल, तर आपणही ते विचारावेत. आपली देणगी एखाद्याचा उपचार करते. आपण वेळेवर विचारलेला प्रश्न कदाचित त्याला अतिदक्षता विभागाची वाटच पाहू देणार नाही, आणि त्या देणगीइतकेच त्या प्रश्नाचेही आम्ही ऋणी राहू.