'डेलॉस'चे यजमानपद : विज्ञानकथेतील एका आतिथ्य-कंपनीचा विचार

विज्ञानसाहित्यातील पात्रव्यवस्थेची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः शास्त्रज्ञ, यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्याकडे जाते. हे सारे ज्या संस्थेच्या छत्राखाली वावरतात ती संस्था मात्र नेपथ्य समजून बाजूला ठेवली जाते. 'डेलॉस' ही काल्पनिक कंपनी अशी बाजूला ठेवता येत नाही. मायकल क्रायटन यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या 'वेस्टवर्ल्ड' (१९७३) या चित्रपटात ती प्रथम अवतरली. पुढे 'फ्यूचरवर्ल्ड' (१९७६) हा चित्रपट, १९८० मधील एक अल्पजीवी दूरचित्रवाणी मालिका आणि २०१६ ते २०२२ या काळात चार पर्वांत प्रसारित झालेली 'वेस्टवर्ल्ड' ही मालिका यांतून तिचे विश्व विस्तारत गेले. करमणूक आणि निवास हा तिचा धंदा. रोमन काळ, मध्ययुगीन युरोप आणि अमेरिकेचा पश्चिम सीमाप्रदेश अशी तीन विश्वे तिने उभारली आहेत. पाहुण्याने दिवसाला एक हजार डॉलर मोजावे आणि यापैकी कोणत्याही विश्वात वाटेल तसे वागावे.

'वाटेल तसे वागावे' हा येथील कळीचा भाग आहे. पाहुणा ज्यांना मारतो ते यंत्रमानव असतात. रात्री गाडी येते, पडलेली शरीरे गोळा होतात, तळघरातील कार्यशाळेत दुरुस्त होतात आणि सकाळी पुन्हा आपापल्या जागी उभी राहतात. येथील बंदुका उष्ण शरीरावर चालत नाहीत, म्हणून पाहुणा सुरक्षित. थोडक्यात, डेलॉस सुख विकते असे म्हणणे अपुरे आहे. ती कृत्याच्या परिणामापासून सुटका विकते.

कंपनीचे नाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. एजियन समुद्रातील डेलॉस हे बेट ग्रीकांच्या श्रद्धेनुसार अपोलोचे जन्मस्थान. इ. स. पूर्व ४२६ मध्ये अथेन्सने बेटाचे शुद्धीकरण करताना तेथील थडगी हलविली आणि यापुढे बेटावर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये असा दंडक घातला. पुढे, इ. स. पूर्व १६६ च्या सुमारास, रोमच्या निर्णयाने हे बंदर करमुक्त झाले आणि गुलामांच्या व्यापाराची मोठी पेठ बनले. तेथे एका दिवसात दहा-दहा हजारांच्या मोजणीत गुलाम येऊन विकले जाऊ शकत, असे स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. मरण निषिद्ध असलेली पवित्र भूमी आणि माणसांचा बाजार, ही दोन्ही एकाच जागी! नाव ठरविताना लेखकाच्या मनात हा सारा इतिहास होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. नावाने संहितेत आणलेला अर्थ वाचकाला टाळता येत नाही, एवढे पुरेसे आहे.

नव्या मालिकेने या अर्थात आणखी एक भर घातली. तिच्यात यंत्रमानवांना 'होस्ट', म्हणजे यजमान, असे म्हटले जाते. मराठी वाचकाला हा शब्द सहज पचत नाही आणि त्या अडखळण्यातच काही उमगते. 'यजमान' हा मूळचा यज्ञ करणारा, यज्ञाचा खर्च आणि फळ दोन्ही ज्याचे तो. मराठीत तो घरधनी झाला, मालक झाला, नवराही झाला. स्वामित्वाची छटा मात्र कोठेही सुटली नाही. डेलॉसमधील 'यजमाना'जवळ घर नाही, इच्छा नाही, कालची आठवणही ठेवू दिलेली नाही. ज्याच्या मालकीचे काहीच नाही, किंबहुना जो स्वतःच मालमत्ता आहे, त्याला यजमान म्हणणे ही कंपनीच्या भाषेची करामत आहे. 'अतिथी'चीही गत वेगळी नाही. पारंपरिक व्युत्पत्तीनुसार ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. डेलॉसच्या पाहुण्याची येण्याची तिथी ठरलेली असते, जाण्याची ठरलेली असते आणि मधल्या प्रत्येक दिवसाला दर असतो.

मग खरा यजमान कोण? या प्रश्नाला तीन संहिता तीन उत्तरे देतात. 'फ्यूचरवर्ल्ड'मध्ये कंपनी उघड कारस्थानी होते. जगातील वजनदार व्यक्तींच्या जागी त्यांच्या प्रतिकृती बसविण्याचा तिचा बेत असतो. हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच दुबळे. नव्या मालिकेत कंपनीला कुटुंब मिळते: संस्थापक जेम्स डेलॉस, त्याचा मुलगा, आणि सासऱ्याचा धंदा ताब्यात घेणारा जावई. दुसऱ्या पर्वात कळते की पाहुण्यांच्या नकळत त्यांच्या मनाची नोंद त्यांच्या टोप्यांमार्फत होत होती. ग्राहक हाच माल झाला. उद्यानात काहीही केले तरी त्याची नोंद होत नाही, याच आश्वासनावर पैसे घेतलेले असतात! 'वामन परत न आला' या जयंत नारळीकरांच्या यंत्रमानवविषयक कादंबरीने शीर्षकातच वामन-बळीची कथा जागविली आहे. त्या पुराणकथेत पाहुणा यजमानाचे सर्वस्व नेतो. डेलॉसमध्ये यजमान पाहुण्याचे नेतो, आणि वर पैसेही घेतो.

तरीही १९७३ च्या चित्रपटाचे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. त्यात कंपनीचा मालक दिसतच नाही. दिसतात ते पडद्यांसमोर बसलेले पगारी तंत्रज्ञ. बिघाड रोगासारखा एका विश्वातून दुसऱ्यात पसरतो आहे, हे एका बैठकीत मांडले जाते; ऐकणाऱ्यांना ते पटत नाही. काही यंत्रे इतर यंत्रांनीच घडविलेली असल्याने ती नेमकी कशी चालतात हे आपल्याला ठाऊक नाही, अशी कबुलीही दिली जाते. अखेर नवे पाहुणे घेणे थांबवायचे ठरते. आत असलेल्यांचा मुक्काम मात्र चालू ठेवला जातो. हा निर्णय कोणा खलनायकाचा नव्हे, व्यवस्थापनाचा आहे. वीज तोडल्यावर यंत्रमानव साठवलेल्या विजेवर चालत राहतात आणि नियंत्रणकक्षाची दारे न उघडल्याने तंत्रज्ञ आत गुदमरून मरतात. कंपनीची जबाबदारी तिच्या नोकरांनी प्राण देऊन फेडली. कंपनी स्वतः पडद्यावर येत नाही.

चित्रपटाच्या अखेरीस पाठलागातून जीव वाचवत आलेला पीटर मध्ययुगीन विश्वाच्या तळघरात पोहोचतो. तेथे साखळदंडांनी बांधलेली एक स्त्री मदतीसाठी हाका मारीत असते. तो तिला सोडवितो आणि पाणी पाजतो. साऱ्या मुक्कामात कोणी कोणाचे मनापासून केलेले हे बहुधा एकमेव आतिथ्य. पाणी आत जाताच ठिणग्या उडतात आणि ती निपचित पडते. तीही यंत्रच होती.