ग्रामसभेत बोलताना

उसाच्या गाडीबैलांविषयी ग्रामसभेत मी प्रथम उठलो तेव्हा ‘क्रौर्य थांबवा’ एवढेच म्हणालो. एका गाडीवानाने विचारले, ‘‘मास्तर, मग आमची चूल कशी पेटायची?’’ मी निरुत्तर झालो.

पुढील सभेपूर्वी कारखान्याच्या वजनकाट्यापुढे जुवाखाली ताटकळणारे बैल दिवसभर पाहिले. १९६५ चे केंद्रीय नियमही वाचले. दिवसात ९ तासांहून, सलग ५ तासांहून अधिक बैल जुंपू नयेत. पारा ३७ अंशांवर गेल्यास दुपारी १२ ते ३ मुळीच नाही. हे सांगून एकच ठराव मांडला : रांगेपाशी हौद व मांडव करण्याविषयी कारखान्यास लिहावे. अनुमोदन त्याच गाडीवानाने दिले.

मित्रहो, सभेत माणसाला आरोपी करू नये. नियम, स्वतः पाहिलेले आणि एक मागणी, एवढेच मांडावे.