यंत्राला नाव द्या, पण जबाबदारी आपलीच

चि. ओंकार,

तुमच्या विमा कंपनीच्या चॅटबॉटला बाईचं नाव दिलंय, त्याची वाक्यं लिहायचं काम तुझ्याकडे आलंय आणि लोक त्याला चक्क 'थँक यू ताई' म्हणतात, हे वाचलं. त्यांना हसू नकोस. खंडेनवमीला आपणही लेथ मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालतोच. यंत्राशी प्रेमाने वागण्यात काही वावगं नाही. गडबड होते ती पुढे.

1966 साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारायचा, ही त्याची मुख्य करामत. तो तयार होताना कित्येक महिने पाहिलेली त्यांची सेक्रेटरी एकदा त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात वायझेनबाउमना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? तेव्हा हा भोळ्यांचाच दोष समजू नकोस. जे बोलतं त्याला मन असणार, असं आपण सगळेच धरून चालतो. तुझी वाक्यं नेमकी तिथेच काम करणार आहेत.

आता दुसरी बाजू बघ. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की अशा प्रसंगी मिळणारी भाड्यातली सवलत प्रवासानंतरही मागता येईल. ते चूक होतं. कंपनीने पैसे नाकारले आणि वर युक्तिवाद केला की चॅटबॉटच्या बोलण्याला चॅटबॉटच जबाबदार! फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. यंत्राला माणूस ठरवलं की खरी माणसं त्याच्याआड लपतात. मला भीती आहे ती याची.

म्हणून एवढं कर. आपण यंत्राशी बोलतोय हे ग्राहकाला पहिल्याच वाक्यात कळू दे. नवरा गेलेल्या बाईला क्लेमची कागदपत्रं नीट सांग. पण 'तुमचं दुःख मी समजू शकते' हे यंत्राच्या तोंडी घालू नकोस, ते खोटं आहे. खऱ्या माणसाशी बोलायचा नंबर चार मेनूंच्या तळाशी दडवू नका. आणि मीटिंगमध्ये कोणी 'सिस्टीमने क्लेम नाकारला' म्हणालं, तर नियम कोणी घातला, सही कोणाची, हे विचार.

वरिष्ठ नाराज होतील, होऊ देत. नोकरीच्या सुरुवातीलाच नाही म्हणायची सवय लागली, तर पुढे ते जड जात नाही.

तुझा,
मामा