फळीच्या आधी जमीन

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये लाकडी फ्लोअरिंग बहुतेकदा जुन्या फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर बसतं. या धंद्यात केस पांढरे झाले. फळी वाजायला किंवा हलायला लागली की मी लाकडाला दोष देण्याआधी खालची जमीन तपासतो.

1. ढाळ चालतो, खड्डा चालत नाही. खोलीला बाल्कनीकडे उतार आहे म्हणून लोक घाबरतात. उतार एकसारखा असेल तर फळीला त्याचं काही नाही. दहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी फिरवा आणि मागून टॉर्च मारा. उजेड येईल तिथे खड्डा. 3 मीटरमध्ये 5 मिलिमीटरपर्यंत फरक सहसा चालतो. कंपनीच्या पत्रकात कमी लिहिला असेल तर तोच धरा. प्रत्येक खड्ड्याची खोली खडूने तिथेच लिहा.

2. फरशी ठोकून बघा. पोकळ वाजणारी फरशी आज ना उद्या हलणार. ती उखडून पुन्हा बसवा, वरून लिंपू नका.

3. ओल डोळ्यांना दिसत नाही. दीड फुटी चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही कडा टेपने बंद करून रात्रभर, किमान सोळा तास, ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला, तर काम थांबवा. नवा कोबा इंचाला साधारण महिना घेतो, तोही कोरड्या हवेत. पावसाळ्यात हा हिशेब विसरा. बाथरूमच्या भिंतीलगत ओल आली तर आधी प्लंबर बोलवा.

4. आधी घासा, मग भरा. एका उंचवट्यापायी अख्खी खोली उचलायची, तर प्रत्येक दार खालून तासावं लागतं. त्यापेक्षा डायमंड कपचं ग्राइंडर तासाभरात तो उंचवटा घासून काढतं. धूळ मात्र फुफ्फुसाला वाईट: चांगला मास्क आणि व्हॅक्यूम हवाच.

5. खड्डे भरायच्या सेल्फ लेव्हलिंग मिश्रणात पाणी मोजून घाला. लवकर पसरावं म्हणून कारागीर तांब्याभर पाणी जास्त ओततात. मग थर वाळल्यावर वरचा पापुद्रा नखानेही निघतो. खाली प्रायमर हवाच. गुळगुळीत फरशी असेल तर तिच्यासाठीचा वेगळा प्रायमर लावा. बाल्कनीच्या दाराशी आणि पाइपांभोवती फटी बुजवा, नाहीतर माल तिकडे पळतो. पंखा बंद, खिडक्या बंद. वारा लागला की थराला तडे जातात. थर कडक झाला म्हणजे वाळला असं नाही. फळी टाकण्याआधी ओल पुन्हा तपासा.

6. फळीखालचा फोम म्हणजे भरणी नव्हे. खड्डा झाकायला दुहेरी फोम टाकला की प्रत्येक पावलाला फळी दबते आणि शेवटी तिचं जोडाचं लॉक तुटतं. दोन-तीन मिलिमीटरचा एकच थर पुरे.

7. जमीन सारखी करण्याचा दर वेगळा लिहा. कोटेशनमध्ये ती ओळ नसेल, तर घाईच्या शेवटच्या आठवड्यात पहिली कात्री तिथेच लागते. जागा न बघता फोनवर चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्याला "आधी पट्टी घेऊन या" म्हणा. नाही आला, तर दुसरा शोधा.